सुशी खायला जाताय? कच्चा मासा, तुमचे आजार आणि तुमची औषधं

मुलगा किंवा मुलगी टोकियोत नोकरीला, आई-वडील पंधरा-वीस दिवसांसाठी तिकडे जाणार, आणि मुलांनी कौतुकाने एका नावाजलेल्या सुशी रेस्टॉरंटमध्ये जागा राखून ठेवलेली. प्रवासापुरती औषधं लिहून घ्यायला आलेले पेशंट अशा वेळी हमखास विचारतात, "डॉक्टर, कच्चा मासा खाल्ला तर चालेल ना?" प्रश्न योग्य आहे, पण अर्धाच आहे. मासा कसा आहे याइतकंच तुमचं वय काय, आजार कोणते आणि रोजच्या गोळ्या कोणत्या, यालाही महत्त्व आहे. रेस्टॉरंट कितीही महागडं असलं तरी ही माहिती तुम्ही दिल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. निरोगी प्रौढ माणसाने चांगल्या ठिकाणी सुशी खाण्यात घाबरण्यासारखं फारसं काही नाही. पुढचं सगळं वाचून बेत रद्द करू नका. काही जणांनी कच्चा मासा टाळायचा आहे, काहींनी औषधाची वेळ बदलायची आहे, आणि सगळ्यांनी एक-दोन लक्षणं ओळखून ठेवायची आहेत.

तिथे नेमकं काय वाढतात?

उंची सुशी रेस्टॉरंटमध्ये बहुधा मेन्यूकार्ड नसतं. आठ-दहा जणांपुरता लाकडी काउंटर असतो, समोर शेफ उभा असतो आणि तो देईल ते खायचं. या पद्धतीला ओमाकासे म्हणतात, म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. टोकियोत अशा रात्रीच्या जेवणाला माणशी २०-३० हजार येन किंवा त्याहून जास्त सहज पडतात. सुरुवातीला छोटे छोटे पदार्थ येतात: कच्च्या माशाचे काप, वाफवलेलं किंवा भाजलेलं काहीतरी. मग निगिरी सुरू होते. हाताने दाबलेला भाताचा छोटा गोळा आणि त्यावर माशाचा काप, एका वेळी एकच. शेवटी मिसो सूप आणि अंड्याचा गोडसर तुकडा. सगळं मिळून दीड ते दोन तास लागतात.

'सुशी म्हणजे कच्चा मासा' हा आपल्याकडचा गैरसमज आहे. सुशी हे नाव व्हिनेगर घातलेल्या भाताशी जोडलेलं आहे. भाताशिवाय नुसते कच्चे काप दिले तर त्याला साशिमी म्हणतात. आजची निगिरी एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आताच्या टोकियोत, रूढ झाली. तेव्हा बर्फाची सोय नव्हती, त्यामुळे मासा मिठात आणि व्हिनेगरमध्ये मुरवत, सोया सॉसमध्ये बुडवून ठेवत किंवा सरळ शिजवत. ती परंपरा पाळणाऱ्या ठिकाणी आजही अनागो (वाम जातीचा समुद्री मासा), उकडलेली कोळंबी, उकडलेला ऑक्टोपस आणि तामागो, म्हणजे अंड्याचा थर, हे पदार्थ शिजवलेलेच मिळतात. काकडीचे रोलही असतात. म्हणजे ज्यांना कच्चं चालत नाही त्यांनी घरी बसायला नको.

फक्त हे जागा राखतानाच सांगावं लागतं. शेफ त्या दिवसाचा मासा सकाळीच घेतो. टोकियोचा मासळीचा मोठा घाऊक बाजार २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला हलला, आणि बरेच शेफ तिथूनच खरेदी करतात. रात्री काउंटरवर बसल्यावर "मला कच्चं नको" म्हटलं तर त्याच्या हातात पर्याय फारसे उरत नाहीत. शुद्ध शाकाहारी मंडळींनी मात्र अशा ठिकाणी पैसे घालवू नयेत असं माझं मत आहे. दाशी नावाचं माशाचं पाणी सूपपासून अंड्यापर्यंत बहुतेक पदार्थांत असतं. (जाता जाता: गुडघ्याला बाम चोळून किंवा उग्र अत्तर लावून जाऊ नका. एवढ्याशा जागेत त्या वासाने सगळ्यांचंच जेवण बिघडतं.)

ताजा मासा म्हणजे सुरक्षित मासा नव्हे

आपल्याकडे मासा घेताना गालफडं लाल आहेत का, डोळे चकचकीत आहेत का, हे पाहायची सवय असते. शिजवून खायचं असेल तर ही पारख पुरेशी आहे. कच्चं खायचं असेल तर पुरेशी नाही, कारण सर्वांत नेहमीचा त्रास अगदी ताज्या माशातूनच होऊ शकतो.

या त्रासाचं नाव अनिसाकिस. हा एक जंत आहे. त्याचं मूळ घर म्हणजे देवमासा आणि डॉल्फिन यांचं पोट. तिथून त्याची अंडी समुद्रात पडतात, अळ्या बारीक कोळंबीसारख्या जीवांमधून मासे आणि माकूळ यांच्यात शिरतात. साबा (आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा), कात्सुओ नावाचा छोटा ट्यूना, समुद्रात पकडलेला सामन आणि माकूळ यांत तो विशेष आढळतो. अळी पांढऱ्या दोऱ्यासारखी, दोन-तीन सेंटिमीटर लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारी असते. मासा जिवंत असताना ती बहुतांशी आतड्यांजवळ असते, मासा मेल्यावर मांसात शिरू लागते. म्हणून मासा लगेच साफ करणं आणि कापताना नीट पाहणं याला महत्त्व. कुशल शेफचा फायदा इथे खरोखर होतो. तरीही एखादी अळी नजरेतून सुटू शकते. जपानमध्ये अलीकडच्या काही वर्षांत अन्नबाधेच्या नोंदलेल्या घटनांमध्ये अनिसाकिसचा क्रमांक सर्वांत वर राहिला आहे.

वासाबी, आलं, व्हिनेगर, सोया सॉस, साके यांपैकी कशानेही ही अळी खात्रीने मरत नाही. ती मरते उष्णतेने (७० अंशांवर लगेच, ६० अंशांवर मिनिटभरात) किंवा गोठवण्याने. जपानचं आरोग्य मंत्रालय उणे २० अंशांवर किमान २४ तास सांगतं, अमेरिकेतले नियम त्याच तापमानाला सात दिवस सांगतात. खोल समुद्रात पकडलेला ट्यूना बऱ्याचदा जहाजावरच उणे ६० अंशांना गोठवलेला असतो. त्यामुळे 'फ्रोझन' हा शब्द ऐकून नाक मुरडू नका. जंताच्या दृष्टीने गोठवलेला मासाच अधिक सुरक्षित. उलट काही नामवंत शेफ पोत बिघडतो म्हणून साबा किंवा माकूळ न गोठवता वाढतात. तेव्हा जास्त पैसे मोजले म्हणजे हा धोका कमी झाला, असं धरून चालू नका.

लक्षणं कोणती? जेवणानंतर काही तासांत, साधारण बारा तासांच्या आत, पोटाच्या वरच्या भागात जोरात, कळा येऊन दुखू लागतं. मळमळ आणि उलटी होते. जुलाब असतीलच असं नाही. अळी जठराच्या आवरणात तोंड खुपसते म्हणून हे होतं. काही वेळा ती पुढे आतड्यात जाते आणि दुखणं एक-दोन दिवसांनी किंवा आणखी उशिरा सुरू होतं, तेव्हा ते अपेंडिक्ससारखं वाटू शकतं. आपली माणसं अशा वेळी 'ॲसिडिटी झाली' म्हणून गोळी घेऊन झोपायचा प्रयत्न करतात. तसं करू नका. जपानमध्ये डॉक्टरांना हा आजार नेहमीचा आहे. ते दुर्बीण घालून अळी चिमट्याने काढतात आणि दुखणं लवकर थांबतं. जंताची गोळी हा यावरचा खात्रीचा उपाय नाही. माणसाच्या शरीरात ही अळी फार दिवस जगत नाही, पण तेवढे दिवस कळा सोसत बसण्याचं कारण नाही.

शेवटच्या रात्री सुशी खाऊन दुसऱ्या दिवशी विमानाने मुंबईत उतरलात आणि मग पोट दुखू लागलं, तर डॉक्टरांना 'मी परवा जपानमध्ये कच्चा मासा खाल्ला' हे आपणहून सांगा. आम्ही इथे हा आजार क्वचितच पाहतो. तुम्ही सांगितलं नाही, तर तो लगेच आमच्या डोक्यात येणार नाही.

चेहरा लाल झाला, अंगाला खाज सुटली तर

ट्यूना, साबा, कात्सुओ, बांगडा हे मासे पकडल्यानंतर थंड ठेवले नाहीत तर जिवाणूंमुळे त्यांत हिस्टामिन तयार होतं. एकदा तयार झालं की शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, पित्त उठतं. ही माशाची ॲलर्जी नव्हे, एक प्रकारची विषबाधा आहे. ती बहुधा ॲलर्जीविरोधी गोळीने आणि काही तासांत बरी होते. चांगल्या सुशी रेस्टॉरंटमध्ये शीतसाखळी काटेकोर असल्याने हे क्वचित घडतं.

आपल्यासाठी यातला महत्त्वाचा मुद्दा क्षयरोगाच्या औषधाचा आहे. आयसोनियाझिड हे औषध शरीरात हिस्टामिन मोडण्याची क्रिया मंदावतं. त्यामुळे ते घेणाऱ्याला ट्यूनासारखा मासा एरवी इतरांना बाधणार नाही एवढ्या हिस्टामिननेही बाधू शकतो. घरात कोणाला टीबी झाल्यावर प्रतिबंधक उपचार म्हणून हे औषध सुरू असलेले, स्वतः ठणठणीत असलेले लोकही यात येतात. कोर्स संपेपर्यंत ट्यूना, साबा, कात्सुओ टाळा. औषध मात्र सुशीसाठी एक दिवसही बंद करू नका.

मधुमेह असेल तर घड्याळ सांभाळा

सुशीच्या भातात व्हिनेगर, मीठ आणि बऱ्याच ठिकाणी साखरही असते. लाल व्हिनेगर वापरणारी काही जुन्या पद्धतीची दुकानं साखर घालत नाहीत, पण त्यावर विसंबून राहू नका. एका निगिरीत साधारण १५ ग्रॅम भात धरला, तर १२ निगिरींत १८० ग्रॅम भात आणि सुमारे ६५ ग्रॅम कर्बोदकं होतात. आपल्या दीड-दोन वाट्या भाताएवढं. हे प्रमाण भयंकर नाही. शेफला आधी सांगितलं तर तो भाताचा गोळा आणखी लहान करतो, आणि ही विनंती तिथे कोणालाही विचित्र वाटत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. घरी तुम्ही इन्सुलिन घेता आणि ताटावर बसता, पहिल्या पाच मिनिटांत पोळी पोटात जाते. ओमाकासेमध्ये पहिला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त, नुसता मासा आणि भाज्या येतात, भात नंतर. बसताबसता जलद काम करणारं इन्सुलिन घेतलंत तर भात येण्याआधी साखर खाली जाऊ शकते. सोबत साके असेल तर धोका वाढतो, कारण दारूमुळे यकृतातून साखर सोडण्याचं काम मंदावतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांनाही हेच लागू. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना ही काळजी फारशी नाही.

म्हणून जागा राखतानाच विचारून ठेवा की निगिरी साधारण किती वेळाने सुरू होते. जलद काम करणारं इन्सुलिन पहिली निगिरी समोर आल्यावर घेता येईल का, हे निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांकडून नक्की करून घ्या. ज्यांचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं किंवा जे ३०/७० मिश्रण घेतात, त्यांच्यासाठी दुपारचं जेवण जास्त सोयीचं. बऱ्याच ठिकाणी दुपारी थेट निगिरीच वाढतात, जेवण लवकर आटोपतं आणि बिलही कमी होतं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेच्या पुड्या ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं ही साखर कमी झाल्याची लक्षणं आहेत. समोर साकेचा पेला असेल तर घरच्यांना वाटतं, 'बाबांना चढली'. अशा वेळी आधी साखर द्या, हसा नंतर.

आणखी एक. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. रात्रीच्या जेवणाआधीची गोळी तिथल्या जेवणाआधी घ्यायची, भारतातल्या घड्याळानुसार नाही.

बीपी, हृदय, किडनी, रक्त पातळ करणारी औषधं

एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, सोया सॉसमध्ये साधारण अडीच ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना संपूर्ण दिवसासाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगते. चांगल्या सुशी काउंटरवर शेफ स्वतः ब्रशने सॉसचा पातळ थर लावूनच निगिरी देतो. ती पुन्हा वाटीत बुडवायची नसते. बुडवलीच तर माशाची बाजू जराशी, भाताची नाही, कारण भात सॉस शोषून घेतो. मिसो सूप अर्धं सोडलंत तरी चालेल. हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा आजार असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी वजन करा, पायावर सूज आली का पाहा.

हृदयाची झडप बदललेली असेल आणि वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल सुरू असेल, तर नात्तो अजिबात नको. नात्तो म्हणजे आंबवलेलं, तार सुटणारं सोयाबीन. उंची काउंटरवर ते क्वचितच येतं, पण हॉटेलच्या नाश्त्यात आणि साध्या सुशी दुकानांतल्या रोलमध्ये सर्रास असतं. त्यात व्हिटॅमिन के इतकं जास्त असतं की औषधाचा परिणाम कमी होऊन झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. जपानी डॉक्टर वॉरफेरिनच्या प्रत्येक पेशंटला हे बजावतात.

गाउट असणाऱ्यांनी माशाचं यकृत, शिराको (नर माशाच्या पोटातला मऊ पांढरा भाग) आणि बिअर टाळावी.

गरोदर असाल तर

कच्चा मासा पूर्ण नऊ महिने नको, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. जपानी मैत्रिणी कदाचित म्हणतील की आम्ही तर खातो. त्या खातात हे खरं आहे. पण गरोदरपणात जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद थोडी कमी असते. लिस्टेरिया हा जिवाणू तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो, आणि आईला नुसता ताप आला तरी बाळ दगावू शकतं. धूर दिलेला सामन शिजवलेला समजून खाल्ला जातो, तोही टाळा.

दुसरा मुद्दा पाऱ्याचा. जपानमध्ये १९५६ साली मिनामाता इथला आजार उघडकीला आला, तेव्हापासून माशातल्या पाऱ्याचं गर्भावर काय होतं याची या देशाला कटू जाणीव आहे. शिजवल्याने पारा कमी होत नाही. तिथलं आरोग्य मंत्रालय गरोदर स्त्रियांना ब्लूफिन आणि बिगआय ट्यूना, स्वोर्डफिश आणि किनमेदाई यांसाठी आठवड्यातून एकदा, सुमारे ८० ग्रॅम, अशी मर्यादा घालून देतं. ओमाकासेमध्ये येणारे आकामी, चुतोरो, ओतोरो हे तीन वेगळे मासे वाटतात, पण ते ट्यूनाच्याच शरीराचे वेगवेगळे भाग आहेत. आन्किमो, म्हणजे मंकफिशचं यकृत, पहिल्या तिमाहीत विशेष करून टाळा, त्यात व्हिटॅमिन ए फार असतं.

म्हणजे जाऊच नये का? जरूर जा. उकडलेली कोळंबी, अनागो, तामागो, काकडीचा रोल अशी पूर्ण शिजवलेली सुशी मिळेल का, ते आधी विचारा. नाही म्हणाले तर दुसरं ठिकाण शोधा.

यांनी कच्चं खाऊच नये

किडनी किंवा लिव्हर बदललेले, केमोथेरपी सुरू असलेले, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, लिव्हर सिरोसिस असणारे, लहान मुलं आणि अशक्त झालेले ज्येष्ठ. सिरोसिसच्या पेशंटने कच्ची कालवं तर मुळीच नको. व्हिब्रिओ वल्निफिकस नावाचा जिवाणू अशा माणसाच्या रक्तात पसरून एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. यात 'एकाने काय होतंय' हा युक्तिवाद चालत नाही.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर शेफ त्याच हाताने, त्याच फळीवर सगळं करतो हे लक्षात घ्या. ॲलर्जी जपानी भाषेत लिहिलेलं कार्ड मुलांकडून करून घ्या आणि आधीच कळवा. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, सीलिॲक असणाऱ्यांनी तेही लिहावं. काहींना साबा खाल्ल्यावर पित्त उठतं, तेव्हा ॲलर्जी माशाची नसून त्यातल्या अनिसाकिसची असू शकते. ही ॲलर्जी गोठवलेल्या माशानेही होते. जीभ किंवा ओठ सुजले, आवाज बसला, श्वास लागला तर वाट न पाहता ११९ ला फोन करा, जपानमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक हाच आहे.

परत आल्यावर

तिथली चव जिभेवर असते आणि कोणीतरी घरी सुरमईचे कच्चे काप करून पाहायचं ठरवतं. आपल्या बाजारातला मासा शिजवून खाण्यासाठी आणलेला असतो. पकडल्यापासून तुमच्या पिशवीत येईपर्यंत त्याचं तापमान कोणीही नोंदवलेलं नसतं. घरातला फ्रीझर जेमतेम उणे १८ अंशांपर्यंत जातो आणि दार उघडलं की तेवढाही राहत नाही. रोहू, कटला यांसारखा गोड्या पाण्यातला मासा तर कधीही कच्चा नको, अशा माशांतून यकृतात घर करणारे चपटे जंत होऊ शकतात. घरी सुशी करायचीच असेल तर भात तसाच करा, वर उकडलेली कोळंबी, काकडी, ऑम्लेटचा पट्टा ठेवा, आणि तो भात तासाभरात संपवा.